खुराड्याचं पाप उन्हाच्या माथी

ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये आणि भोवतालच्या चँडलर, गिल्बर्ट, मेसा या शहरांत परसात कोंबड्या पाळणाऱ्यांवर दर उन्हाळ्यात एकच आरोप होतो. जिथं माणूस दुपारी दाराबाहेर पाऊल टाकत नाही तिथं पिसांनी झाकलेला, घाम न येणारा जीव बाहेर ठेवायचा हा छळ आहे. अंडी हवीत तर दुकानातून आणा. हे मी शेजाऱ्यांकडून ऐकलं आहे, मराठी मंडळींच्या पंगतीत ऐकलं आहे. बोलणारी माणसं प्राण्यांच्या कळवळ्यानंच बोलतात, म्हणून त्यांना उडवाउडवीचं उत्तर देणं बरोबर नाही. पण आरोप चुकीच्या आरोपीवर ठेवला आहे असं माझं ठाम मत आहे. आणि चुकीच्या आरोपीला धरलं की खरा सुटतो, तसा तो दर वर्षी सुटतो आहे.

आधी ऊन. त्यात मी एक अंशही कमी करून सांगणार नाही. २६ जून १९९० ला फिनिक्सचा पारा १२२ फॅरनहाइटवर, म्हणजे ५० अंश सेल्सिअसवर गेला. तो उच्चांक अजून टिकून आहे. २०२३ मध्ये ३० जूनपासून सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३.३ अंशांच्या खाली आलं नाही. त्याच जुलैत एका रात्री किमान तापमान ३६ अंश होतं. हो, किमान. त्या वर्षी फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत येतं तिथं उष्णतेनं ६४५ माणसं गेली. पुढच्या वर्षी सलग ११३ दिवस पारा शंभर फॅरनहाइटच्या वर राहिला. वर्षाचा पाऊस १८० मिलिमीटरच्या आसपास. हे सगळं डोळ्यांसमोर ठेवूनच मी पुढचं लिहिते आहे.

आता कोंबडी. तिच्या शरीराचं तापमान ४१ ते ४२ अंश असतं. तिला घामाच्या ग्रंथी नाहीत. तुरा, गळ्याखाली लोंबणारी लाल कातडी आणि पाय एवढ्याच उघड्या भागांतून ती अंगातली उष्णता हवेत सोडते, आणि तेही हवा तिच्या अंगापेक्षा थंड असेल तरच. हवा तिशीच्या वर गेली की ती अस्वस्थ होऊ लागते, चोच उघडते, पंख अंगापासून दूर धरते. चाळिशीच्या पुढं तिच्याकडे एकच मार्ग उरतो: धापा टाकून घशातलं आणि फुप्फुसातलं पाणी हवेत उडवणं. त्यालाही किंमत आहे. धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्तातलं कार्बोनेट घटतं, आणि अंड्याचं कवच कार्बोनेटचंच असल्यामुळे ते पातळ पडतं. उन्हाळ्यात हाताला लागताच फुटणारी अंडी येतात ती यामुळे. खाद्यात कितीही शिंपल्याचा चुरा घाला, धापा थांबल्याशिवाय कवच पूर्ववत होत नाही. आणि शरीराचं तापमान ४६-४७ अंशांकडे सरकलं की कोंबडी हातची जाते.

इथपर्यंत आरोप करणाऱ्यांचं म्हणणं आणि माझं म्हणणं एकच आहे. फरक पुढं पडतो. यावरून ते म्हणतात, वाळवंट कोंबडीचं नाही. मी विचारते, कोणत्या कोंबडीचं नाही, आणि कशा खुराड्यातल्या?

हा प्रश्न टाळायला आमच्या बाजूची माणसंही तितकीच उत्सुक असतात, म्हणून त्यांचाही समाचार घेते. कोंबडीप्रेमींचं ठरलेलं उत्तर असं, की कोंबडी मुळात आग्नेय आशियातल्या रानकोंबडीची लेक, उष्ण प्रदेशातली, तिला उन्हाचं काय? हे उत्तर अर्धवट आहे आणि त्यापायी पक्षी मेलेत. रानकोंबडी जंगलातली. थायलंडमधल्या बान नॉन वाट इथं पाळीव कोंबडीची सगळ्यांत जुनी समजली जाणारी हाडं सापडली, ती इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातली. तिथं ती भाताच्या शेतांच्या आधारानं माणसाजवळ आली असं अभ्यासक मानतात. म्हणजे बांबूची दाट सावली, ओली माती, पायाखाली कुजलेला पाला. त्या जंगलात उन्हाचा कवडसा पडतो. फिनिक्सच्या परसात ऊन दगडी चुरीवर आदळतं आणि सिमेंटच्या भिंतीवरून परत येतं. उष्ण देश आणि उघडा देश यांतला हा फरक ज्याला कळत नाही, त्यानं 'ती सवय करून घेईल' असं म्हणू नये. सवय होते, पण काही दिवस जावे लागतात, आणि मे महिन्यातली पहिली अचानक लाट तेवढेही दिवस देत नाही.

आता मूळ मुद्दा. फिनिक्समध्ये कोंबड्या मरतात त्या बहुतेक थंड देशाच्या कोंबड्या, थंड देशाच्या खुराड्यात, थंड देशाच्या वेळापत्रकानं.

जातीपासून सुरुवात करते. इथल्या दुकानात लोकांचा जीव जडतो तो ऑर्पिंग्टनवर. सोनेरी, गोल गरगरीत, पिसांचा दाट फुलोरा, स्वभावानं गरीब. ही जात १८८६ मध्ये इंग्लंडच्या केंट परगण्यात तयार झाली, तिथल्या ओल्या गारठ्यात. साडेतीन किलोची कोंबडी, अंगभर जाड पिसं, तुरा बेताचा. ब्राह्मा तर त्याहून जड, तिच्या पायांवरसुद्धा पिसं. म्हणजे उष्णता टाकायच्या ज्या मोजक्या जागा निसर्गानं दिल्या त्यांतली एक झाकलेली. वायंडॉट न्यूयॉर्ककडची, हिवाळ्यात गोठू नये म्हणून तिचा तुरा डोक्याला चिकटलेला. त्या त्या ठिकाणी या उत्तम जाती आहेत. त्यांना सोनोरन वाळवंटात आणणं ही निवड आहे, आणि ती पाळणाऱ्यानं केलेली आहे.

आता दुसऱ्या बाजूला पाहा. कैरोच्या नैर्ऋत्येला फायूम नावाचं मरुवन आहे. तिथली फायूमी कोंबडी हलकी, दीड किलोच्या आसपास, चपळ, लांब मानेची, रोगाला सहसा बळी न पडणारी. अमेरिकेत ती नवी नाही. रोगप्रतिकाराच्या अभ्यासासाठी आयोवाच्या विद्यापीठानं १९४० च्या दशकातच ती आणली होती, आणि आज तिची पिल्लं अमेरिकेतल्या हॅचऱ्यांमध्ये मिळतात. भूमध्य समुद्राकाठची लेगहॉर्न: सडपातळ, मोठा लोंबता तुरा, म्हणजे उष्णता टाकायला भरपूर जागा. उघड्या मानेची कोंबडी अनेकांना कुरूप वाटते, पण त्या एका जनुकामुळे अंगावरची पिसं वीस ते चाळीस टक्क्यांनी घटतात. भारतात हे फार पूर्वी ओळखलं गेलं. बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं उघड्या मानेच्या कोंबडीच्या संकरातून 'हितकारी' नावाची जात तयार केली, ती उष्ण भागातल्या परसासाठीच. फिनिक्सच्या दुकानात मात्र फायूमी मागितली तर आधी ऑर्डर द्यावी लागते, आणि ऑर्पिंग्टन पेटीत चिवचिवत समोरच असते. गिऱ्हाईक आपल्या मुलाला घेऊन येतं, मूल पिवळ्या गोळ्याला हात लावतं, आणि तिच्या पहिल्या उन्हाळ्याचं भवितव्य तिथंच ठरतं.

खुराड्याची गोष्ट याहून वाईट. बाजारात तयार मिळतं ते लाकडाचं छोटं घर: उतरतं छप्पर, इवलीशी खिडकी, कडी लागणारं दार, आत अंडी घालायचे खण. दिसायला गोड. त्याची सगळी रचना एका कामासाठी आहे, बर्फात सहा कोंबड्यांची ऊब आत कोंडून ठेवायची. ते फिनिक्समध्ये आणून उन्हात ठेवलं की रात्रीसुद्धा त्यात कोंबड्यांचीच ऊब कोंडते. जुलैत इथल्या रात्रींचं किमान तापमानच सरासरी २९ अंशांच्या आसपास असतं. दिवसभर धापा टाकलेल्या पक्ष्याला रात्रीचे चार-सहा तास अंग निववायला हवे असतात, आणि नेमके तेच तास आपण त्याला पेटीत बंद करून काढून घेतो. माझ्या पाहण्यात ज्या घरांनी कोंबड्या गमावल्या, त्यांतल्या बऱ्याच सकाळी दार उघडल्यावर मेलेल्या सापडल्या. मग 'ऊन बाधलं' असं म्हटलं जातं. पण रात्री ऊन कुठं होतं?

वाळवंटात खुराडं म्हणजे छप्पर आणि जाळी, एवढंच. तीन बाजू पूर्ण उघड्या. छप्पर उंच, पत्र्याचं असेल तर खाली उष्णता अडवणारा थर, नाहीतर तापलेला पत्रा वरून भाजून काढतो. पश्चिमेच्या भिंतीपासून लांब, कारण संध्याकाळपर्यंत तापलेली सिमेंटची भिंत रात्री बारापर्यंत उष्णता ओकत राहते. जाळी बारीक आणि मजबूत, कारण इथं कोयोट आहे, बॉबकॅट आहे, वरून झडप घालणारा ससाणा आहे. म्हणजे खुराडं हवं ते शिकाऱ्यापासून वाचवायला. थंडीपासून वाचवायचं काम फिनिक्समध्ये फारसं नाहीच.

विदर्भातल्या वाचकाला हे सांगायची गरज पडू नये. चंद्रपूर, वर्धा, अकोला इथं मे महिन्यात ४५-४६ अंश ही बातमी नसते, आणि तिथल्या गावठी कोंबड्या हजारो अंगणांत उन्हाळा काढतात. कशा काढतात ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. दिवसा त्या खुराड्यात नसतातच. रात्रीपुरतं डालग्याखाली झाकलं तर झाकलं, उजाडलं की मोकळ्या. ऊन चढलं की एक न्हाणीच्या पाण्यानं ओली झालेली माती उकरून त्यात पोट टेकते, दुसरी रांजणाच्या तिवईखाली, जिथं थेंब थेंब पाझरत असतो; बाकीच्या गोठ्यात, कडुनिंबाखाली, कुडाच्या आडोशाला. पायानं वरची तापलेली माती बाजूला सारली की वीतभर खाली माती गार असते, हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. गावात कोंबड्या मरत नाहीत असं मी म्हणणार नाही. मानमोडीची साथ आली की आख्खी आळी रिकामी होते. पण नुसत्या उन्हानं गावच्या गाव रिकामं झालेलं नाही, कारण तिथं जागा निवडायचा हक्क कोंबडीकडे असतो. फिनिक्समधल्या नव्या वसाहतीत तो हक्क तिच्याकडून काढून घेतलेला असतो: चारी बाजूंनी सिमेंटच्या विटांची भिंत, आत दगडी चुरी, एखादं शोभेचं पाम झाड ज्याची सावली स्वतःच्या बुंध्यापुरती, आणि मधोमध ते लाकडी घर.

याच फिनिक्सच्या जुन्या वस्त्यांत जाऊन पाहा. तिथल्या काही घरांना अजून पाटाचं पाणी मिळतं. सॉल्ट रिव्हरच्या कालव्यांवरून उन्हाळ्यात ठरावीक दिवसांनी पाण्याची पाळी येते, परस घोटाभर पाण्यात बुडतं, आणि त्यावर संत्र्या-ग्रेपफ्रूटची जुनी झाडं पोसली जातात. त्या झाडांखाली जुलैतही माती दमट असते. तिथं फिरणाऱ्या कोंबड्या दुपारी धापा टाकतात, पण संध्याकाळी पुन्हा माती उकरताना दिसतात. तोच पारा, तेच शहर, तेच ऊन. हा फरक आरोप करणाऱ्यांनी मला समजावून सांगावा. पाटाचं पाणी सगळ्यांना मिळणार नाही, हे खरं. पण मेस्किटचं झाड कोणालाही लावता येतं. ते आपल्याकडच्या वेड्या बाभळीचं भावंड, मुळं खोल नेतं, पाणी फार मागत नाही, उन्हाळ्यात दाट सावली देतं आणि थंडीत पानं झाडून ऊन आत सोडतं. झाड मोठं होईपर्यंत शेडनेट ताणावी. झाडाच्या सावलीला शेडनेट पुरी पडत नाही, कारण पानं पाणी सोडून हवाही थोडी निववतात, जाळी फक्त ऊन अडवते. तरी काही नसण्यापेक्षा ती शंभर पट बरी.

पाण्याच्या फवाऱ्याबद्दल एक मोठा गैरसमज दोन्ही बाजूंना आहे, तिथं जरा थांबते. हवा ४४ अंश आणि कोंबडी ४२ अंश असेल तेव्हा नुसता पंखा तिच्यावर तिच्या अंगाहून गरम हवा फेकत असतो. थंडावा येतो तो पाणी उडण्यातून. मे-जूनमधली फिनिक्सची हवा इतकी कोरडी असते की कूलर किंवा बारीक फवारा हवा दहा-पंधरा अंशांनी उतरवतो. नागपूरकराला हे तत्त्व समजावायला नको. वाळ्याची ताटी आणि कूलर यांवरच तिथले मे महिने निघाले आहेत. पण नागपूरकरालाच हेही माहीत असतं की पावसाची चाहूल लागली आणि हवा दमट झाली की तोच कूलर घरात चिकचिक करतो आणि गारवा देत नाही. फिनिक्सलाही मॉन्सून आहे, इथंही त्याला मॉन्सूनच म्हणतात, हवामान खातं १५ जून ते ३० सप्टेंबर असा त्याचा काळ धरतं. जुलैच्या मध्यापासून मेक्सिकोकडून दमट हवा येते, फवाऱ्याची ताकद बरीच घटते, आणि कोंबडीच्या धापांचीही, कारण त्या धापाही पाणी उडवण्यावरच चालतात. ढगाळ, दमट दिवशी पारा थोडा कमी दाखवतो आणि लोक निर्धास्त होतात. खरा धोक्याचा काळ तो. तेव्हा फवारा कमी करून वारा वाढवावा लागतो, उभं राहायला उथळ परातीत पाणी द्यावं लागतं, म्हणजे पायांतून उष्णता उतरते. जूनमध्ये जे चाललं ते ऑगस्टमध्येही चालवणारा माणूस कोंबडी गमावतो, आणि मग तिचं खापर वाळवंटावर फुटतं.

वेळापत्रकाचंही तसंच. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते, म्हणून उन्हाळ्यात खाद्य पहाटे आणि दिवस मावळल्यावर द्यायचं, दुपारी भांडं उचलून ठेवायचं. पाणी सावलीत, एकापेक्षा जास्त ठिकाणी, आणि दुपारी बदललेलं. तापलेलं पाणी कोंबडी पीत नाही, तहानलेली राहते पण चोच लावत नाही. उन्हात पडलेल्या रबरी नळीतून पहिलं येतं ते भाजणारं पाणी, ते आधी झाडाला जाऊ द्यायचं. फारच वाईट दिवशी दुपारी थोडं गूळपाणी किंवा क्षारांचं पाणी, शेजारी साधं पाणी ठेवून. तुरा फिका पडला, डोळे मिटले, उठवलं तरी उठत नाही, असं दिसलं की गार पाण्याच्या बादलीत मानेपर्यंत धरायचं, बर्फाच्या नाही. यातलं काहीही अवघड नाही. पण दुपारी तीन ते सहा घरी कोणीतरी असावं लागतं, आणि पाहावं लागतं.

पिल्लांच्या विक्रीचं वेळापत्रक तर सरळ उसनं आहे. अमेरिकेत टपालखातं १९१८ पासून एका दिवसाची पिल्लं पेटीतून पोचवतं. अंड्यातला बलक पोटात घेऊन आलेलं पिल्लू तीन दिवसांपर्यंत निभावतं म्हणून हे शक्य होतं. या पेट्या फिनिक्सच्या दुकानांत फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, कारण ज्या प्रदेशांत बर्फ वितळतो तिथं तो हंगाम. फिनिक्सचा सौम्य हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. इथं पिल्लं सप्टेंबरच्या अखेरीस आणली तर त्यांना सात-आठ महिने मिळतात, पिसं, हाडं, ताकद सगळं तयार होऊन मग ती पहिल्या उन्हाळ्याला सामोरी जातात. हे इथले जुने पाळणारे जाणतात. दुकानं त्यांचं ऐकत नाहीत.

आता त्या वाक्याकडे येते जे मला सगळ्यांत जास्त खटकतं: अंडी हवीत तर दुकानातून आणा. दुकानातलं अंडं कुठून येतं? फिनिक्सच्या पश्चिमेला बकाय, टोनोपा या बाजूला गाडीनं जा. याच वाळवंटात, याच उन्हात, तिथं लांबच लांब शेडमध्ये लाखो कोंबड्या आहेत. तिथं मोठे पंखे आणि ओल्या पडद्यांची यंत्रणा असते, आणि मी मान्य करते की जुलैच्या दुपारी त्या शेडमधलं तापमान पुष्कळ परसांपेक्षा कमी असेल. पण पिंजऱ्यातल्या कोंबडीला अमेरिकेतल्या उद्योगाच्या स्वतःच्याच मापानं मिळणारी जागा सुमारे ४३० चौरस सेंटीमीटर, म्हणजे ए-फोर कागदापेक्षा कमी. तिला माती उकरायला मिळत नाही, धूळ अंगावर घेता येत नाही. मे २०२५ मध्ये याच भागात बर्ड फ्लू शिरला आणि लाखो कोंबड्या गेल्या. तेव्हा 'वाळवंट कोंबडीचं नाही' असं म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारते, की तुमच्या नाश्त्याची कोंबडी कोणत्या वाळवंटात आहे? ती दिसत नाही म्हणून तिचं ऊन कमी होत नाही. ज्यांनी अंडं खाणंच सोडलं आहे त्यांना हा प्रश्न लागू नाही, आणि त्यांच्या भूमिकेचा मी आदर करते. बाकीच्यांनी शेजाऱ्याच्या सहा कोंबड्यांकडे बोट दाखवताना हिशोब पुरा करावा.

पाण्याचा आक्षेप लवकर आटोपतो. कोलोरॅडो नदीचं पाणी ३३६ मैलांच्या कालव्यातून इथं आणतात, ते कोंबड्यांवर कसं घालवता, असा प्रश्न येतो. भर उन्हाळ्यात एक कोंबडी अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी पिते. सहा कोंबड्यांचे तीन लिटर. फवारा, ओली माती, धुणं धरून काही बादल्या. फिनिक्समधल्या उघड्या पोहण्याच्या तलावातून वर्षाला सुमारे सहा फूट पाणी नुसतं हवेत उडतं. चाळीस चौरस मीटरचा घरगुती तलाव असेल तर दिवसाला सरासरी दोनशे लिटरच्या घरात. ज्या गल्लीत असे चार तलाव आहेत तिथं कोंबडीच्या भांड्यावर पाण्याचा मुद्दा मांडू नये. वास आणि माश्यांचा आक्षेप खरा असतो तो विष्ठा ओली राहिली तर. इथल्या कोरड्या हवेत ती लवकर सुकते, आठवड्यातून दोनदा उचलली की भागतं.

स्वस्त अंड्यांसाठी कोंबड्या पाळा, असं मात्र मी कोणालाही सांगणार नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत डझनभर अंड्यांची सरासरी किंमत ६ डॉलर २३ सेंटपर्यंत गेली, आणि त्या वसंतात माझ्या आजूबाजूला कितीतरी घरांनी घाईघाईनं ती लाकडी खुराडी आणि हाताला लागतील ती पिल्लं घरी आणली. हिशोब डझनाचा होता, जुलैचा नव्हता. आरोप करणाऱ्यांच्या नजरेसमोर जी मेलेली कोंबडी आहे, ती बहुधा अशाच एखाद्या घरातली. त्यांचा राग मला कळतो. मलाही येतो.

म्हणून माझ्या बाजूच्या माणसांसाठी एक कठोर गोष्ट लिहिते, आणि ती मराठी घरांना जास्त लागू आहे. शाळांना सुट्टी लागली की जून-जुलैत आपण पाच-सहा आठवडे भारतात जातो. आईवडील वाट पाहत असतात, मुलांना आजोळ दिसतं, यात गैर काही नाही. पण त्याच आठवड्यांत फिनिक्सची कोंबडी सगळ्यांत जास्त संकटात असते. शेजारच्या शाळकरी मुलाला सकाळी पाणी भरायला सांगून जाणं ही सोय नव्हे. तीन वाजता पाणी बदलणारं, कोणती कोंबडी उठत नाही हे पाहणारं, फवारा बंद पडला तर धावून जाणारं मोठं माणूस मिळत नसेल, तर उन्हाळ्यात गावी जाणाऱ्या घरानं कोंबड्या पाळू नयेत. कुत्रा असता तर आपण त्याला असं सोडून गेलो नसतो.

२०२४ मध्ये ॲरिझोनाच्या विधिमंडळानं कायदा केला आणि गव्हर्नर केटी हॉब्स यांनी त्यावर सही केली. स्वतंत्र घर असलेल्या रहिवाशाला परसात सहापर्यंत कोंबड्या ठेवायला नगरपालिका आता मनाई करू शकत नाही. घरमालकांच्या संघांचे नियम मात्र आहेत तसेच राहिले. मी या कायद्याच्या बाजूची आहे. पण नगरपालिकांना ज्या अटी घालता येतात त्यांचा रोख शेजाऱ्याकडे आहे: कोंबडा नको, हद्दीपासून अंतर हवं, खुराडं ठरावीक मापाहून मोठं नको. शेजाऱ्याची काळजी घेणं योग्यच. पण कोंबडीचं काय? छळाचा आरोप करणाऱ्यांना छळ थांबवायचा असेल, तर बंदी मागत बसण्यापेक्षा त्यांनी माझ्याबरोबर नगरपालिकेच्या बैठकीला यावं आणि या अटी मागाव्यात: मे ते सप्टेंबर दुपारी बारा ते सहा परसात सगळ्या कोंबड्या एकाच वेळी मावतील एवढी सावली; रात्रीच्या जागेच्या किमान दोन बाजू फक्त जाळीच्या; पाणी सावलीत, निदान दोन ठिकाणी; आणि पिल्लं विकणाऱ्या दुकानानं प्रत्येक पेटीवर त्या जातीचं पूर्ण वाढीचं वजन आणि ती कोणत्या हवामानासाठी तयार झाली हे लिहावं. शेवटची अट दुकानांना आवडणार नाही, आणि तिच्यासाठीच सगळ्यांत जास्त भांडावं लागेल.